आमच्या घरात जुनेर नव्हतं

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी माझ्या दोन्ही बॅगा कडावच्या किराणा दुकानातल्या काट्यावर चढवल्या आणि वजन बघायला अर्धी बाजारपेठ गोळा झाली. दीड किलो अजून बसतंय म्हटल्यावर आईनं तांदळाच्या पिठाची पिशवी कोंबली. माझे जुने कपडे मात्र तिनं वेचून बाहेर काढले. "परदेशात जुनंपानं नेऊ नको गं, लोक काय म्हनतील!" अशी मी आपली नवीकोरी होऊन कॅनडाला आले.

आपल्याकडची थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दहा वाजता स्वेटर कमरेला. इथं बाहेर पडलं की पापण्यांवर बर्फ धरतो. त्यात दुसऱ्या हिवाळ्यात मला दिवस गेलेले आणि आईचा व्हिसा काही वेळेत होईना. आमच्यात बाळाची पहिली गोधडी आजी शिवते. दुकानातल्या ब्लँकेटात माझं बाळ गुंडाळायचं? छे! म्हटलं, मीच शिवते. शर्टाचं बटण लावताना बोट टोचून घेणारी मी!

नवं सुती कापड आणलं, आत घालायला जाड अस्तर आणलं. जमिनीवर थर पसरले, चार कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवले आणि पोट सांभाळत बसले. सुई आत जाईना, गेली तर बाहेर येईना. दोन सुया मोडल्या. माझे टाके बघून नवरा म्हणाला, "हा तर खोपोलीचा घाट!" त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगं येडे, कोऱ्या कापडाची गोधडी आसती का? सुई जायाची नाय नि बाळाला टोचंल. जुनेर काढ, जुनेर!"

जुनेर कुठून काढू? आमच्याकडे डिशवॉशर होता, केसांसारखा मऊ गालिचा होता. वापरून विरलेलं एक फडकं नव्हतं. त्या दिवशी मला फार रडू आलं.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि शेजाऱ्यांची दारं वाजवली. तोवर लिफ्टमध्ये 'हाय' आणि बर्फाच्या गप्पा, एवढीच ओळख. खालच्या मजल्यावरच्या पोलंडच्या मारियाआजींनी धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या चादरी दिल्या. समोरच्या हरप्रीतनं सासूचे दुपट्टे दिले आणि वर पराठे. परक्यांचं चालेल का, म्हणून आईला विचारलं. "धुतलेलं हाय ना? मग झालं तर!"

गोधडी एका बाजूला वीतभर लांब झाली. पण लेक दवाखान्यातून घरी आली ती तिच्यातच निजली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

परवा माझा एक कुर्ता कोपराला विरला. टाकवेना. घडी करून कपाटात ठेवला आणि मोठ्या ऐटीत आईला फोनवर दाखवला.

"जुनेर साठाया लागलं," ती म्हणाली, "म्हंजे तुझं घर आता तिकडं झालं गं."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. मी दिवाळीला पाठवलेली भारीतली हिरवी सुती साडी नेसून बाई गोठ्यात शेण काढत होती! मी ओरडलेच, "आई, ती लग्नकार्यात नेसायला दिली होती!"

"ठाव हाय," ती म्हणाली. "रोज नेसते. मऊ झाली की तुला धाडीन."