चुकलेल्या पंचमीची गोष्ट

माझा धाकटा भाऊ सीवूड्सला राहतो आणि सगळं मोबाइलला विचारून करतो. बाबांचं वर्षश्राद्धसुद्धा त्याने तसंच उरकलं, दिवाळीच्या दहा दिवस आधी. मला फोन आला तो सगळं झाल्यावर. "ताई, ॲपमध्ये कार्तिक कृष्ण पंचमी आली, गुरुजीही ऑनलाइन मिळाले. तुला उगाच टेन्शन नको म्हणून..."

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, बाबा तुळशीचं लग्न लागल्यावर गेले! दिवाळीआधी कार्तिक येतोच कसा?"

त्याचं ॲप उत्तरेकडचं पंचांग दाखवत होतं. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. चंद्र तोच, पंधरवडाही तोच, पण त्याला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव. पाडव्याला पंचांग वाचताना बाबांनीच आम्हाला हे समजावलं होतं. तेव्हा भावाचं लक्ष श्रीखंडात.

"गेल्या वर्षी या तिथीला बाबा माझ्या घरी खुर्चीत बसून, चिवड्यात दाणे कमी घातलेस म्हणून माझ्याशी भांडत होते. जिवंत माणसाचं श्राद्ध घातलंस तू!"

"झालं ते झालं. दोनदा कोण करतं? आणि तू मुलगी, तुझा काय संबंध?"

संबंध! दोन वर्षं गोळ्या, दवाखाना, पथ्याचं जेवण, तेव्हा नाही कुणी विचारलं संबंध. "महिन्याने खरी पंचमी आहे," मी म्हटलं. "मी करणार. यायचं तर ये." बाबांच्या दिवशी बाबांच्या नावाने पाणी सुटायलाच हवं होतं. शेजारीण म्हणाली, बायका तर्पण करत नाहीत. म्हटलं, नसतील करत, मी करते.

पंचमीला सानपाड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये खीर-वडे केले. कावळ्याचं पान ठेवायला खिडकीची कबुतरांची जाळी कात्रीने कापली. सोसायटीला काय बोलायचं ते बोलू दे. तीळ, दर्भ, ताम्हन मांडलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात भाऊ, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोळे लाल.

"ताई, चिवड्याचं खरंच?"

"खरंच."

तो चपला न काढताच रडायला लागला. "मला सांगायचंस ना आधी."

"मला विचारलंस कुठे?"

माझा राग मात्र गेला नव्हता. हातपाय धुऊन तो आला आणि सवयीने तांब्याला हात घातला. मी तांब्या माझ्याकडे ओढला.

"यंदा पाणी मी सोडणार. तू माझ्या मागे बस."

तो बसला.