मामाने आईला बसवलेला दात

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. आम्ही लातूरला, मामा नांदेडला. हैदराबादेत दातांचं काम शिकून येऊन त्याने नांदेडात दवाखाना थाटला होता. काढघालीच्या कवळ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. जबड्याच्या हाडात धातूचा खिळा बसवायचा आणि त्यावर दात चढवायचा, असं काहीतरी त्याने परदेशी मासिकात वाचलं होतं. त्यात स्वतःची अक्कल घालून तो खिळ्यांचे नवनवे नमुने करायचा. ते पारखायला तोंड मात्र मिळेना. नांदेडकर शहाणे होते.

माझ्या आईचा समोरचा एक दात आडावर राहाटाचा दांडा लागून पडला होता. दिवाळीला आजोळी गेलो तेव्हा मामा म्हणाला, "आक्का, औंदा ववाळणीत तुला दातच घालतो." आई त्याची थोरली बहीण. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती मुकाट त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

पुढे बसला तो दात दिसायला फार सुरेख होता. लातुरात शेजारणी बघायला येत, आई हसून दाखवी. पण जेवायला ती सगळ्यांच्या मागून बसायची आणि तिच्याजवळ मी असायचे, म्हणून खरं काय ते मला ठाऊक होतं. भाकरी वरणात कुस्करून ती तशीच गिळायची. हिरडीतून पू यायचा, मिठाच्या गुळण्या चालायच्या. मी कुणापुढे काही बोलू लागले की डोळे वटारायची.

मामा आला की विचारायचा, "कसा हाय दात?"

"लई ब्येस हाय."

मामाही खोलात शिरत नसे. त्यालाही तेच ऐकायचं होतं. मला दोघांचाही राग यायचा.

उन्हाळ्यात तो अवजारांची पेटी घेऊनच आला. उदगीरच्या एका अडत्याच्या सुनेला तसाच खिळा बसवायला निघाला होता. "तुझा टिकला, आता भ्याव न्हाई," म्हणाला. आई भाकऱ्या थापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्यापुढे येऊन बसली.

"उदगीरला जाऊ नगं. आधी हे बघ."

मामाने तिचा ओठ वर करून खिळा हलवून पाहिला. त्याचं तोंड उतरलं. "इतके दिवस सांगितलं का न्हाईस?"

"भावाच्या ववाळणीला नावं ठेवू व्हय? पण त्या पोरीचं तोंड कशाला नासवतोस?"

मामाने तिला ओसरीवर उजेडात बसवलं. पू झालेल्या हिरडीत भूल नीट चढत नाही, हे आधीच सांगितलं आणि चिमटा लावला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज म्हणून नाही.

"दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

मामा भडकला. "अजून खोटंच? कुठं दुखतंय ते कळल्याबिगर मी हात कुठं थांबवू? वरड, आक्का! माझ्यावर वरड!"

आणि आई ओरडली. अशी ओरडली की शेजारणी हातातली कामं टाकून धावत आल्या. मामाने चिमटा बाजूला ठेवला. मनगटाने डोळे पुसले.

"हां. आता सांग, आणखी कुठं?"

आई बोट लावून सांगू लागली.