तपासणीपुरती साखर

दर्यापूरच्या बाजारात वामनरावांचा पालक सदा टवटवीत. कालचा असला तरी. गोणपाटाखाली झाकायचा, पाणी मारायचं, पिवळी पानं खुडायची, की झाला ताजा. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

पोटच्या पोरीच्या बाबतीतही या गृहस्थांनी तेच केलं. तेरा वर्षांच्या पौर्णिमाला लहानपणीच मधुमेह झाला होता आणि रोजचं इन्सुलिन मागे लागलं होतं. नात्यात बोभाटा झाला तर पुढे तिला स्थळ कोण आणणार? म्हणून लग्न असो की बारसं, पाहुण्यांत असताना पोरीनं सुई टोचायची नाही, असा त्यांचा दंडक. आणि वऱ्हाडात पाहुणपणाला काय तोटा! मग तपासणी जवळ आली की घरात गोडधोड बंद, इंजेक्शन घड्याळ लावून. आकडा छान यायचा. दवाखान्याच्या बाकावर वामनराव इतर आईबापांना ऐकवायचे, "आमच्या पोरीची शुगर पाहा! लक्ष द्या लागते, भाऊ."

यंदा अकोल्याच्या डॉक्टर रश्मीताईंनी नुसतं रक्त तपासलं नाही. पौर्णिमाच्या मानेवर यंत्र फिरवून मेंदूकडे रक्त नेणारी नस पडद्यावर पाहिली. मग बापलेकीला समोर बसवलं.

"नसेची भिंत वयाच्या मानाने जाड होऊ लागली आहे. सुरुवात आहे, साखर सांभाळली तर अजून आवरता येईल. पण आजचा आकडा इतका चांगला, मग डोस चुकतात कधी?"

वामनरावांनी चोरून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आणि बाहेर बाकावर मघाशीच त्यांचं भाषण झालं होतं. शरमेनं कान तापले, तरी तोंडातून खरं निघेना.

"माहंच चुकते, मॅडम," पौर्णिमा खाली पाहत म्हणाली. "बाबा तं रोज आठवण देते. मीच भुलून जातो."

लेकरू बापाची अब्रू झाकत होतं. ते मात्र वामनरावांना सोसवलं नाही.

"खोटं बोलून राहिली ते," ते बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "मीच तिले चारचौघांत सुई घेऊ देत नाई."

बाकावरच्या माना दाराकडे वळल्या. पौर्णिमानं भीत भीत त्यांची बाही ओढली.

"बाबा, मंग मामाच्या घरच्या लग्नात घेऊ नं मी?"

स्वतःच्या औषधासाठी पोर परवानगी मागत होती. वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.