मोहन आणि न कळणारी गाणी

मोहन गेल्याचं मला सानपाडा स्टेशनबाहेरच्या पीसीओवर कळलं. त्याच्या शेजारच्या काकूंकडे फोन होता. संध्याकाळी भेटायला येतोय, एवढाच निरोप द्यायचा होता. काकू म्हणाल्या, "अरे, तू निघाला नाहीस अजून? त्याला घरी आणलंय..." मागे कुणीतरी रडत होतं. फोन कट झाल्यावरही मी रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा होतो.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील, आबा, मूळचे साताऱ्याकडचे. धान्याच्या मार्केटात पोती वाहायचे. मोहनचे मामा जासईच्या कंटेनर यार्डात क्लार्क होते. त्यांना एका खलाशाने कॅसेट दिली, ती त्यांनी भाच्याला दिली. अमेरिकन हिप हॉप. कुणाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तिला कव्हरच नव्हतं. आमचं इंग्रजी जेमतेम. दुपारभर पॉझचं बटण दाबत आम्ही एकेक ओळ पकडायचो, मी डिक्शनरी घेऊन आणि तो डोळे मिटून. शब्द सगळे सापडायचे, पण ओळ काही हाती लागायची नाही. एका ठिकाणी तो गाणारा म्हणायचा, माझ्या घशात एक जिना आहे आणि वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही. मी लगेच म्हटलं, "म्हणजे एकटेपणा." मोहन हसला. "थांब ना यार. आधी त्याला जिना तर चढू दे. अर्थ काय पळून चाललाय?" मग टेप मागे नेऊन म्हणाला, "ऐक, इथे त्याला धाप लागलीय. तो वर कुणालातरी हाका मारतोय आणि ओ येत नाहीये." हे लोक उपमा देत नाहीत, त्यांना तसंच दिसतं, असं तो म्हणायचा. त्यानं समजावलं की मलाही थोडा वेळ तसंच दिसायचं.

हळूहळू तो स्वतः मराठीत रचायला लागला. वसाहतीच्या गणपतीत त्याला स्टेजवर पाच मिनिटं मिळाली. आबा मुद्दाम सुट्टी घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. मोहन म्हणू लागला... पाठीवर एक गाव आहे, गावाला दार नाही, रोज संध्याकाळी ते गाव खाली ठेवतो आणि सकाळी ते आणखी मोठं झालेलं असतं. मागून कुणीतरी ओरडलं, "कॉमेडी आहे का रे?" पोरं हसली. कुणीतरी फिल्मी गाण्याची फर्माईश केली आणि माइक दुसऱ्याच्या हातात गेला. घरी जाताना आबांनी विचारलं, "काय म्हनत हुतास रं?"

"तुमच्याबद्दलच होतं, आबा."

आबा चालता चालता थांबले. "माज्याबद्दल हुतं, मग मला का नाय कळलं?"

मोहन तसाच पुढे चालत राहिला. एरवी माझ्याशी एका ओळीवर दुपार घालवणारा हा मुलगा, पण वडिलांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आबांच्या मनात बसलं की पोरानं चार लोकांत आपल्या हमालीची थट्टा करून घेतली. बापलेकांचं बोलणं त्यानंतर जेवायला बस, एवढ्यावर आलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मोहनचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आईची जुळली नाही. आबा स्वतःहून पुढे झाले, पण त्यांचं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांनी नको म्हटलं. डायलिसिसच्या वॉर्डात मी वॉकमन घेऊन जायचो. एकदा त्याचं मन रमावं म्हणून मुद्दाम एक अवघड ओळ काढली, पाणी माझं नाव विसरलं, अशी काहीतरी. "सांग ना, पाणी म्हणजे काय असेल?" त्याने हेडफोन काढून ठेवले. "पाणी म्हणजे पाणी रे. दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टर सांगतात." मग म्हणाला, "आता कुठल्याच ओळीत मला दुसरं काही दिसत नाही." आबा दाराशी उभे होते. त्यांना आत बोलवावं म्हणून मी हात केला, पण ते तिथूनच परत फिरले.

गेल्या आठवड्यात मी मोहन नसलेल्या त्या घरी गेलो. आबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि टेपरेकॉर्डरसमोर बसले. मोहनने घरीच रेकॉर्ड केलेलं ते गावाचं गाणं त्यांनी लावलं. मोहनची आई म्हणाली, रोज असंच चालतं. गाणं संपल्यावर आबा माझ्याकडे वळले. "तुला त्याचं कळायचं. सांग."

मी सांगितलं. गाव म्हणजे तुमच्या पाठीवरचं ओझं, आबा. ते तुम्ही कुणासाठी वाहिलं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने थट्टा केली नव्हती. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान खाली घालून.

"हे तू सांगतोस," ते म्हणाले. "तो आसंच म्हनला आसता कशावरून?"

आबांनी टेप मागे नेली आणि पुन्हा बटण दाबलं.