धनुर्वाताची दोन इंजेक्शनं

मित्रांनो, आज सकाळी माझ्या चाळिशीतल्या मुलाच्या पायात गंजका खिळा घुसला. रहाटणीतल्या डॉक्टरांनी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकात तयार प्रतिकारशक्ती असते. ती लगेच काम करते, पण काही आठवड्यांत ओसरते. दुसरं म्हणजे लस. तिच्यामुळे शरीर स्वतः लढायला शिकतं. वेळ लागतो, पण वर्षानुवर्षं टिकतं."

सत्तरच्या दशकात कंपनीत माझ्यासोबत दत्तू होता. पत्र्यानं हात कापला तेव्हा त्यानं फक्त पहिलं इंजेक्शन घेतलं. कंपनीच्या डॉक्टरांनी लसीला बोलावलं तर म्हणाला, "सुई झाली की राव!" पुढच्या वर्षी शेतात खुरपं लागलं आणि धनुर्वातानं तो गेला.

"सुई घेतली व्हती, मग असं कसं झालं?" त्याची बायको मला विचारत होती.

आज उत्तर कळलं, पण ऐकायला ती नाही. तुमच्या घरात कुणाची लस राहिलीये का?