मूत्रपिंड, आपल्या शब्दांत

"कुठलंही पान काढा ना भाऊ!"

असं म्हणून त्या बाई अ‍ॅनाटॉमीचं पाट्यासारखं जड पुस्तक माझ्या खिडकीत आदळायच्या, डोळे मिटायच्या आणि हनुवटी वर करून सुरू व्हायच्या. मी खवचटपणे आडवळणाचं पान शोधायचो. आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा सुटायची नाहीत. शेवटी मी हात जोडायचो आणि मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायची.

न्यू जर्सीतलं आमचं कम्युनिटी कॉलेज, साल दोन हजार दोन. मी प्रवेशाच्या खिडकीवर होतो. या बाई नागपूरच्या, चाळिशीच्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. त्यांना नोकरीची मनाई, शिकण्याची नाही. डोळा नर्सिंगच्या मोजक्या जागांवर; त्यासाठी आधी अ‍ॅनाटॉमीत चांगली ग्रेड हवी.

"बारावीनंतर बाबांनी नर्सिंगचा फॉर्म फाडला होता. इथे फाडायला कोणी नाही ना!"

पहिल्याच परीक्षेत त्यांनी आपल्याकडचा हुशार विद्यार्थी जे करतो तेच केलं. मूत्रपिंडाचं उत्तर पुस्तकातल्या स्वल्पविरामांसकट उतरवलं. आपल्याकडे पैकीच्या पैकी मिळाले असते. इथे प्रोफेसरबाईंनी कॉपीची तक्रार केली. सिद्ध झाली तर नर्सिंगचं दार कायमचं बंद.

डीनसमोर मी दुभाषा म्हणून गेलो. खरं तर गंमत बघायला. तुमच्यापासून काय लपवायचं? बाईंनी पुस्तक डीनच्या हातात दिलं. "एनी पेज, सर." त्याने यकृत काढलं. त्याचं बोट ओळीमागून ओळ धावत होतं. बोट दमून थांबलं, बाई थांबल्या नाहीत.

प्रोफेसरबाईंनी तक्रार मागे घेतली. पण म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा. तुमच्या स्वतःच्या शब्दांत."

बाहेर येताच बाईंचा चेहरा उतरला. "भाऊ, एवढं मोठं पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा माझे शब्द बरे असतील का?"

एरवी मी यावर विनोद केला असता. त्यांचे शब्द आजवर कुणी मागितलेच नव्हते. माझे तरी कुठे?

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला. परीक्षा गुरुवारी, परतीचं विमान शनिवारी.

"आता कशाला देताय परीक्षा?"

"घरात सगळे हेच विचारून राहिले. तुम्ही तरी नका विचारू."

पेपर तपासून झाले तोवर त्या गेल्या होत्या. कुणी न नेलेले पेपर माझ्या खिडकीशी यायचे. त्यांचा मी उघडला. मोडकं इंग्रजी, भरपूर खाडाखोड. लिहिलं होतं: मूत्रपिंड म्हणजे घरातली बाई. दिवसभर निवडत बसते. कामाचं आत ठेवते, नको ते बाहेर टाकते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली की मग सगळं घर आजारी पडतं.

समासात लाल शाईने 'ए' होता. त्याखाली प्रोफेसरबाईंनी लिहिलं होतं, "नर्सिंगचा अर्ज लगेच भरा. शिफारस मी देते."

मी पेपरची घडी घातली. अर्जांचा गठ्ठा समोरच होता. त्यातला एक कोरा अर्ज घडीत सरकवला आणि पाकिटावर त्यांचा नागपूरचा पत्ता लिहिला.