पांढऱ्या पट्ट्यांची ज्वारी

हरितलवकाच्या नादी कसे लागलात, असं विद्यार्थी विचारतात. हरितलवक म्हणजे पानातला, उन्हावर अन्न रांधणारा हिरवा कण. त्याच्या जनुकांवर मी जन्म काढला. सभेत मी एखाद्या शोधनिबंधाचं नाव सांगून वेळ मारून नेतो. खरं म्हणजे मला नादी लावलं ते परभणीच्या शेतावर भेसळ काढणाऱ्या एका मजूर बाईने.

भेसळ काढणं म्हणजे बियाण्याच्या ज्वारीतून वेगळं दिसेल ते ताट उपटून फेकणं. मी तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी, आणि मला तिच्या निम्मीही नजर नव्हती. उन्हाळी पिकात एकदा तिने हाक मारून पानांवर पांढरे पट्टे असलेलं एक ताट दाखवलं. उपटू का ठेवू, विचारलं. मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये पांढरं नुसतं आयतं खायलंय." इतकं नेमकं वाक्य मला पुढे कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

मी तिला मावशी म्हणायचो. आम्ही दोघांनी त्या ताटाचा हिरव्या ताटाशी दोन्हीकडून संकर केला: एकदा पट्ट्यांचं ताट आई, एकदा बाप. पट्टे कोणाकडून येतात, हा माझा प्रश्न. कणसं चारच मिळाली. विभागाच्या कपाटात माझ्या आधीच्या बियांचं किड्यांनी पीठ केलं होतं, म्हणून मावशीने ही कणसं घरी नेली आणि चुलीवर, आढ्याला, धुरात टांगली. पावसाळा सरला की रब्बीत पेरायची होती.

तिचं घर झरीच्या वाटेवरच्या एका गावात, बौद्ध वस्तीत. मी अधूनमधून कणसं बघायला जाई. तिची म्हातारी सासू मला भाकरी वाढायची आणि मी खायचो. आमचं घर पालमकडचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. तिथे हे कळलं असतं तर गहजब झाला असता. मी कळू दिलं नाही, पण मनातल्या मनात स्वतःची पाठ मात्र थोपटून घ्यायचो.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव बौद्धांची घरं पेटू लागली. एसटी बंद झाली. विभागात चहाच्या वेळी लोक जे बोलत ते मी खाली मान घालून ऐकलं, एकदाही तोंड उघडलं नाही. मावशीच्या गावातही जाळपोळ झाल्याचं कानावर आलं, आणि माझ्या डोक्यात आली ती कणसं. याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी सायकलने गेलो. वस्तीत भिंती तेवढ्या उभ्या होत्या. मावशी शाळेच्या ओसरीत इतर बायांबरोबर बसलेली दिसली. मी सायकलही नीट लावली नाही.

"मावशी, कणसं?"

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"आढ्याला व्हती, साहेब. आढंच ऱ्हायलं न्हाई." मग म्हणाली, "सासूचे पाय भाजलेत. परभणीच्या दवाखान्यात हाय. आधी तिचं इचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

तो दवाखाना माझ्या रोजच्या वाटेवर. चार दिवस मी त्याच्या फाटकावरून जात-येत होतो. काहीतरी पुटपुटलो आणि परत फिरलो. तिने थांबवलं नाही.

मावशी पुन्हा कामावर आली नाही. तसलं दुसरं ताट मला तीन वर्षांनी मिळालं. पट्टे आईकडून येतात हे दिसलं, पदवी झाली, पुढे प्रयोगशाळाही मिळाली. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी थेट दवाखान्यात गेलो. म्हातारीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बँडेजमध्ये होते. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते विसरलो. तिनेच मला ओळखलं, जवळ बस म्हणाली, आणि पहिलं विचारलं ते कणसांचं. जळाली का रं बाबा, म्हणाली.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोललो. नाही आजी, कणसं मी आधीच माझ्याकडे नेली होती, असं सांगितलं.

तिने मान उचलून आपल्या पायांकडे बघितलं.

"मंग मी उगंच आत गेले की," ती म्हणाली. "ती काढाया."